ई-टाइप की ९९३ : निवृत्तीच्या पैशातून एकच गाडी

पत्राचा सारांश : पत्रलेखक ६१ वर्षांचे अभियंते असून मूळचे कोल्हापूरचे आहेत. गेली २६ वर्षे ते इंग्लंडच्या मिडलँड्स भागात, कॉव्हेंट्रीपासून पाऊण तासाच्या अंतरावर, पत्नीसह राहतात. काही महिन्यांत ते निवृत्त होत आहेत आणि मिळणाऱ्या रकमेतला एक ठरावीक भाग त्यांनी आयुष्यभर मनात जपलेल्या इच्छेसाठी, म्हणजे संग्रही ठेवण्याजोग्या एका युरोपीय स्पोर्ट्स कारसाठी, बाजूला काढला आहे. त्यांची नजर दोन गाड्यांवर आहे. एक १९६६ ची जॅग्वार ई-टाइप कूपे, म्हणजे बंद छपराची, ४.२ लिटर इंजिनाची. दुसरी १९९५ ची पोर्शे ९११ करेरा, ‘९९३’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या पिढीतली. दोन्हींच्या मागितलेल्या किमती जवळपास सारख्या आहेत. मुलगा पोर्शेच्या बाजूने आहे, कारण ती आधुनिक आहे, त्रास देणार नाही आणि तिची किंमत वाढत राहील असे त्याला वाटते. पत्नीचे म्हणणे एवढेच आहे की, जी घ्याल तिच्यात मलाही बसता आले पाहिजे. पत्रलेखकांचा उजवा गुडघा दुखतो. पुढेमागे गाडी कोल्हापूरला न्यावी अशीही त्यांची इच्छा आहे. ‘या दोन गाड्यांतली श्रेष्ठ कोणती आणि शहाण्या माणसाने कोणती घ्यावी?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. चार पानांच्या पत्रात दोन्ही गाड्यांविषयी मिळून जेमतेम पाऊण पान आहे, आणि उद्यमनगरातल्या तुमच्या वडिलांच्या लेथविषयी, शाळेतून आल्यावर त्यांच्या शेजारी उभे राहून व्हर्निअरने माप घ्यायला शिकल्याविषयी, आणि गेली पंधरा वर्षे संगणकाच्या पडद्यापलीकडे कशालाही हात न लागल्याविषयी दीड पान आहे. हे तुम्ही ओघात लिहिले असेल. मला मात्र उत्तराचा धागा तिथेच सापडला, म्हणून तो आधीच हातात धरून ठेवतो.

प्रथम ‘श्रेष्ठ’ या शब्दाविषयी. या दोन गाड्यांमध्ये जवळजवळ तीस वर्षांचे अंतर आहे आणि त्या घडल्याही अगदी वेगळ्या रीतीने. ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात लोकांसमोर आली, तेव्हा ती एक उडी होती. जॅग्वारचे माल्कम सेयर यांनी आधी विमानांच्या क्षेत्रात काम केले होते, आणि त्यांनी तिचा आकार डोळ्याच्या अंदाजापेक्षा गणिताच्या आधाराने बांधला. मधला भाग पत्र्याच्या एकसंध पेटीसारखा, त्याला पुढे बोल्टने जोडलेली नळ्यांची चौकट, चारही चाकांना डिस्क ब्रेक, ही मांडणी शर्यतीच्या गाड्यांतून आली होती, आणि मागची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर होती. हे सारे इंग्लंडमध्ये दोन हजार पौंडांच्या किंचित वर मिळत होते, आणि तेवढ्या वेगाच्या इतर गाड्या त्या किमतीच्या आसपासही नव्हत्या. प्रदर्शनात मागणी इतकी आली की दुसरी गाडी हवी असा निरोप कॉव्हेंट्रीला जॅग्वारच्या कारखान्यात गेला आणि चाचणी चालक नॉर्मन ड्युइस रात्रभर गाडी चालवत सकाळी जिनिव्हात पोहोचले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये ई-टाइप आपल्या कायम संग्रहात घेतली, याचे मला कधी नवल वाटले नाही.

९९३ मध्ये अशी उडी कुठेच नाही. १९६३ मध्ये फ्रँकफर्टला ‘९०१’ म्हणून दाखवलेली आणि प्यूजोने मधल्या शून्यावर हक्क सांगितल्यामुळे ‘९११’ झालेली ती एकच कल्पना, मागे बसवलेले सहा आडव्या सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन, झुफेनहाउझेनच्या पोर्शे कारखान्यातल्या लोकांनी तीस वर्षे घासून घासून सुधारत नेली. जुन्या ९११ ला एक खोड होती. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की वजनदार मागची बाजू बाहेर फेकली जाई. ९९३ ला नवे बहुदुव्यांचे मागचे सस्पेन्शन मिळाले आणि ती खोड बव्हंशी गेली. गिअर सहा झाले. ३.६ लिटरच्या इंजिनाची ताकद सुरुवातीला २७२ अश्वशक्ती होती आणि नंतर २८५ झाली. मार्च १९९८ मध्ये शेवटची ९९३ बाहेर पडली आणि त्यानंतरची प्रत्येक ९११ पाण्याने थंड होणारी आहे. आज ९९३ चे जे मोल आहे, त्यातला बराच वाटा ती शेवटची असण्याचा आहे.

ब्रेक, रस्त्यावरची पकड, हीटर, पावसातला आत्मविश्वास, लांबच्या प्रवासातली विश्रांती या कसोट्या लावल्या तर ९९३ पुढे आहे आणि त्यावर वाद घालण्याजोगे काही नाही. पण या कसोट्यांवर आजची साधी नवी गाडी दोघींनाही मागे टाकते, आणि तुम्हाला ती नको आहे. म्हणजे तुम्ही जे शोधता आहात ते या मोजमापांत नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा बदलून तुमच्यापुढे ठेवतो : निवृत्तीनंतरचा शनिवार तुम्हाला गॅरेजमध्ये घालवायचा आहे की रस्त्यावर?

आता तुमच्या मुलाच्या दोन मुद्द्यांकडे वळतो, कारण असे मुद्दे मला अनेक घरांतून ऐकू येतात.

किंमत वाढत राहील, हा पहिला. इंग्लंडमध्ये खासगी मोटारगाडीच्या विक्रीतल्या नफ्यावर भांडवली लाभकर लागत नाही, एवढी एक बाजू त्याच्या म्हणण्याला निश्चित आहे. पण १९८० च्या दशकाच्या शेवटी जुन्या गाड्यांचे भाव असेच चढले होते, ई-टाइप त्यांत अग्रभागी होती, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते भाव कोसळले. तेव्हा कर्ज काढून गाड्या घेणाऱ्यांचे हात पोळले. हवेने थंड होणाऱ्या पोर्शेंचे भाव गेल्या दशकात झपाट्याने वर गेले, परंतु त्या चढणीचा लाभ ज्यांनी आधी घेतल्या त्यांना झाला, आणि तुम्हाला आज मागितली जाणारी किंमत ही ती चढण संपल्यानंतरची आहे. दोन्ही गाड्या चांगल्या स्थितीत ठेवल्यास बहुधा आपले मोल राखतील, असे मी मानतो. विमा, जागा, देखभाल यांचा वर्षाकाठचा खर्च त्यातून वजा केल्यावर उरते ती गुंतवणूक म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट याहून मोठी आहे. गाडीकडे ठेवीसारखे पाहिले की माणूस ती बाहेर काढायला कचरू लागतो, मैल वाढतील म्हणून झाकून ठेवतो, आणि उभ्या गाडीचे रबरी सील कोरडे पडतात, ब्रेकचे पिस्टन अडकतात, टाकीतले पेट्रोल नासते. चार वर्षे उभी असलेली कमी मैलांची गाडी, दर महिन्याला शंभर-दीडशे मैल चाललेल्या गाडीपेक्षा घ्यायला स्वस्त असो वा महाग, सांभाळायला हमखास महाग पडते.

आधुनिक म्हणून बिनत्रासाची, हा दुसरा मुद्दा, आणि तो मला अधिक फसवा वाटतो. १९९५ ची गाडी आज तीस वर्षांची झाली आहे. तिचा पत्रा जस्ताचा थर दिलेला आहे हे खरे, तरीही पुढच्या आणि मागच्या काचेच्या चौकटीत रबराखाली गंज धरतो आणि तो काढायचा तर काच उतरवावी लागते. इंजिनाच्या झाकणांतून तेल झिरपणे ही या इंजिनाची जुनीच सवय आहे. व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, झिजलेले निघाले तर इंजिन खाली उतरवून उघडण्यापर्यंत काम जाते. प्रत्येक सिलिंडरला दोन याप्रमाणे बारा स्पार्क प्लग आहेत आणि खालच्या सहांपर्यंत घरच्या गॅरेजमध्ये जमिनीवर आडवे पडून पोहोचणे, गुडघा ठीक असतानाही सोपे नाही. त्यातच वायरिंग, सेन्सर आणि नियंत्रक संगणक असा भाग आहे, जो पान्याने दुरुस्त होत नाही. ही गाडी मजबूत आहे, रोज वापरता येईल इतकी मजबूत आहे, यात शंका नाही. पण तिचे काम जाणत्या तज्ज्ञाकडे जाते आणि आपण बिल भरतो. तुमच्या वडिलांच्या लेथची आठवण काढणाऱ्या हातांना तिच्यात करण्याजोगे फार थोडे उरते.

ई-टाइपबद्दल याच्या उलट गैरसमज असतो की ती सतत बिघडणारी आहे. १९६६ च्या गाडीबद्दल तो अर्धाच खरा आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले, त्याबरोबर पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न कुरकुरता पडण्याची सोय, असलेला गिअरबॉक्स, डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, ब्रेकला जोर देणारा सुधारलेला सर्वो आणि बसण्याजोग्या सीट आल्या. पुढच्या दिव्यांवरच्या काचेच्या झाकण्या १९६७ पर्यंत टिकल्या. म्हणजे तुम्ही पाहिलेली गाडी मूळ देखणेपण शाबूत असलेल्या आणि तरीही रोजच्या व्यवहारात सुधारलेल्या अशा दोन-अडीच वर्षांच्या टप्प्यातली आहे, आणि ही तुमची निवड जाणतेपणाची आहे. तिचे इंजिन, तीन एसयू कार्बोरेटर, साधी वायरिंग हे सारे डोळ्यांनी दिसते, हातांनी समजते. ब्रिटनमध्ये तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नव्याने बनवून मिळतो, अगदी संपूर्ण पत्र्याचा सांगाडासुद्धा, आणि त्या कामाचे कितीतरी कारागीर तुमच्याच मिडलँड्समध्ये आहेत. मात्र काही कामे खरोखर मोठी आहेत. क्लच बदलायचा तर इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढावे लागतात. मागचे ब्रेक चाकांत नसून मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलला लागून आहेत, त्यामुळे त्यांच्या कामासाठी बहुतेक वेळा मागचे सगळे सस्पेन्शन खाली घ्यावे लागते. ही कामे तुम्ही स्वतः करणार नाही, पण ती करणाऱ्याशेजारी उभे राहून तुम्हाला काय चालले आहे ते कळेल.

ई-टाइपचा खरा शत्रू यंत्राचा बिघाड नसून गंज आहे. माझ्याकडे १९६२ ची फियाट ११०० आहे. ती घेताना मी चकचकीत रंगाकडे पाहिले, आणि दोन महिन्यांनी दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तेव्हा अंगठा आत गेला. लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला होता. साध्या फियाटचा पत्रा ठोकून देणारे कारागीर पुण्यात मिळाले म्हणून मी निभावलो. ई-टाइपमध्ये दाराखालचे कोश, जमिनीचा पत्रा आणि पुढची नळ्यांची चौकट हेच गाडीचे बळ आहे, आणि नळी आतून कुजते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. यांत्रिक दुरुस्तीच्या कैकपटींनी पैसा पत्र्याच्या दुरुस्तीत जातो. म्हणून थकलेल्या इंजिनाची पण निरोगी पत्र्याची गाडी पसंत करा, आणि कुजलेल्या पत्र्यावर कितीही सुरेख इंजिन असले तरी पाठ फिरवा.

गुडघा आणि तुमच्या सौभाग्यवती यांचा विचार तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत केला आहे. तो वर यायला हवा. ई-टाइपचा दरवाजा अरुंद आहे आणि उंबरठा उंच व रुंद. आत जायचे म्हणजे आधी बूड टेकवून मग पाय वळवून घ्यावे लागतात, आणि बाहेर पडताना सारा भार एका गुडघ्यावर येतो. उन्हाळ्यात इंजिनाची धग पायांपर्यंत येते. ९९३ सुद्धा बसकी आहे, परंतु तिचा दरवाजा मोठा आहे, सीट सरळ आहे आणि मागे नातवंडांपुरत्या दोन छोट्या जागाही आहेत. ई-टाइपचीच ओढ असेल आणि कूपेत बसणे जड गेले, तर १९६६ मध्येच आलेली लांब केलेली चार आसनी ई-टाइपही एकदा पाहा. तिचे छप्पर उंच आहे, दार मोठे आहे आणि किंमत कूपेपेक्षा बरीच कमी असते, कारण मागून पाहताना ती रेषा तितकी सुंदर उतरत नाही. माझ्या डोळ्यांनाही ती उणीव जाणवते. पण जी गाडी दारात उभी करून सौभाग्यवतींनी ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणावे, तिच्या मागच्या रेषेचे सौंदर्य तुम्हाला किती दिवस पुरेल, याचा विचार करा.

नियमांची बाजू अनेकांना उलटी वाटते, म्हणून सांगतो. ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुनी गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवता येते, तिला वाहनकर लागत नाही आणि मूळ रचनेत मोठा बदल केलेला नसेल तर वार्षिक एमओटी तपासणीचीही सक्ती नसते. त्यामुळे १९६६ ची ई-टाइप बर्मिंगहॅमच्या स्वच्छ हवा क्षेत्रात आणि लंडनच्या अल्ट्रा लो एमिशन क्षेत्रात काहीही न भरता जाते, तर तिच्याहून कितीतरी स्वच्छ धूर सोडणाऱ्या १९९५ च्या पोर्शेला बर्मिंगहॅममध्ये दिवसाला ८ पौंड आणि लंडनमध्ये साडेबारा पौंड भरावे लागतात. पोर्शेला ती सवलत मिळायला एप्रिल २०३६ उजाडेल. एमओटी सक्तीची नसली तरी ई-टाइपची तपासणी दरवर्षी करूनच घ्या, कारण गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच राहते. दोन्ही गाड्यांत कमी इथेनॉलचे ई-५ पेट्रोल घाला. २०२१ पासून पंपांवर सर्रास मिळणारे ई-१० जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. विमा उतरवताना गाडीची किंमत आधी ठरवून लिहून घेतलेला, म्हणजे ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ पद्धतीचा घ्यावा.

कोल्हापूरचे स्वप्न मला मोडायचे नाही, पण या निर्णयात त्याला मत देऊ नका. भारतात ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी आहे. त्या गाड्या रोजच्या वापरासाठी नसतात, प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरत्याच त्या रस्त्यावर आणता येतात. ई-टाइप त्या वयात बसते आणि इंग्लंडमधली असल्याने तिचे स्टिअरिंग उजवीकडे आहे. १९९५ ची पोर्शे त्या वयात २०४५ मध्ये पोहोचेल, आणि तोवर तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करण्यावरची बंदी तिला आडवी येते. ई-टाइप आणली तरी शुल्क आणि कर मिळून भरण्याची रक्कम मोठी असते. शिवाय गाडी आणाल, पण तिचे कारागीर कॉव्हेंट्रीच्या आसपासच राहतील. रंकाळ्याच्या काठाने ती एक फेरी मारताना मलाही पाहायला आवडेल. पण त्या एका फेरीसाठी दोन गाड्यांमधला कौल फिरवू नये.

आता माझे मत. तुमच्यापाशी वेळ येणार आहे, गॅरेज आहे, माप घ्यायला शिकलेले हात आहेत, आणि जगात ई-टाइप जिथे सर्वांत नीट सांभाळली जाते त्या गावापासून तुम्ही पाऊण तासावर आहात. तुमचा गुडघा परवानगी देत असेल तर ई-टाइप घ्या. गुडघा नाही म्हणाला, किंवा तुम्हा दोघांना स्कॉटलंडपर्यंत, पावसात, आठ दिवस भटकायचे असेल, तर ९९३ घ्या आणि त्यात काहीही कमी पडले असे मानू नका. ई-टाइपच्या आठवणीने पोर्शे चालवणे किंवा पोर्शेच्या सोयी आठवत ई-टाइपमध्ये घामाघूम होणे, हे दोन्ही टाळता येण्याजोगे आहे. कोणतीही घेतली तरी ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यातच गाडी बसवा, कारण पहिल्या वर्षात तो लागतो. मागितलेल्या किमतीत ते बसत नसेल तर थोडी कमी देखणी, पण नियमित चाललेली गाडी शोधा.

पाहायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नये. ई-टाइपला पातळ चुंबक फडक्यात गुंडाळून दाराखालच्या पत्र्यावर, जमिनीवर आणि बॉनेटच्या कडांवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी आहे. बॉनेट आणि दरवाजे यांमधल्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का ते पाहा. गरम इंजिनाचा तेलाचा दाब मिनिटाला ३००० फेऱ्यांना ४० पीएसआयच्या आसपास हवा. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडी यांचे क्रमांक जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या प्रमाणपत्राशी जुळवा, आणि गाडीचे नूतनीकरण झाले असेल तर उघड्या पत्र्याची छायाचित्रे मागा. ज्याने काम मनापासून केले आहे, त्याच्याकडे ती असतात. पोर्शेच्या दोन्ही काचांच्या कडांना रबरापाशी रंग फुगला आहे का ते बोटाने चाचपा. थंड इंजिन सुरू होताना निळ्या धुराचा एक झोत आला तर घाबरू नका, आडव्या सिलिंडरांत तेल साचते म्हणून तो येतो. तो थांबला नाही तर मात्र लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधून दाबाची हवा किती गळते त्याची तपासणी, झाल्याशिवाय पुढे बोलू नका. तिचे तेल गरम इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवरच पाहायचे असते. विक्रेत्याने बंद इंजिनावर तेल पाहून दाखवले, तर गाडी कोणाच्या हातात होती याची थोडी कल्पना येते.

आणि दोन्ही ठिकाणी सौभाग्यवतींना बरोबर न्या. आधी त्यांना बसू द्या, वीस मिनिटे फेरी मारा, मग उतरायला सांगा. त्या बसताना नव्हे, उतरताना त्यांच्याकडे पाहा, आणि त्यानंतर तुम्ही स्वतः उजव्या गुडघ्यावर तीनदा चढून-उतरून पाहा.